ऑफिसातल्या रागाचं मूळ जुन्या नात्यांत शोधताना: टप्पे, क्रम आणि हमखास होणाऱ्या चुका

साहेब दोन शब्द कमी-जास्त बोलले की दिवसभर कामात लक्ष लागत नाही. ज्युनिअरने न विचारता मेल पाठवला की डोकं फिरतं. कुणीही काम आणून टाकलं की तोंडातून 'नाही' निघत नाही. अशा वागण्याची मुळं बऱ्याचदा घरात, तुटलेल्या मैत्रीत, मोडलेल्या लग्नात किंवा पहिल्या नोकरीत असतात, हे आता बहुतेकांनी ऐकलेलं आहे. गोंधळ होतो तो त्यापुढे. माणूस एखादी रील बघतो, स्वतःला 'अँक्शस अटॅचमेंट'चं, म्हणजे नात्यांत सतत धास्तावलेलं असण्याचं, लेबल लावतो, रविवारी जेवणाच्या ताटावर आईला बालपणाचा जाब विचारतो आणि सोमवारी ऑफिसात होता तसाच वागतो.

क्रम उलटा धरला की असंच होतं. सुरुवात ऑफिसातल्या ताज्या प्रसंगापासून करायची आणि तिथून एकेक पाऊल मागे जायचं. आईवडील यात चौथ्या टप्प्यावर येतात, तेही त्या टप्प्याच्या शेवटी. एकूण पाच-सहा आठवडे लागतात आणि रोज दहा मिनिटं पुरतात.

## तयारी

वही. साधी, घरी राहणारी. ऑफिसच्या लॅपटॉपवर, ऑफिसच्या मेलवर किंवा टीम्सच्या नोट्समध्ये यातलं एक अक्षरही लिहू नका. कंपनीच्या यंत्रणेवर लिहिलेलं कंपनीला वाचता येतं, हे धरूनच चाला. मोबाइल वापरायचाच असेल तर स्वतःचा, स्वतःच्या खात्यावरचा.

वेळ. अप्रेझलचा महिना, नोटीस पीरियड, घरातलं आजारपण किंवा मृत्यू, यांच्या आसपास हे काम काढू नका. त्या काळात प्रत्येकाची प्रतिक्रिया नेहमीपेक्षा मोठी असते. त्या नोंदींवरून काढलेला निष्कर्ष महिन्याभरात खोटा ठरतो.

एक माणूस. अधूनमधून बोलायला कुणीतरी हवं. सहकारी नको, कितीही जवळचा असला तरी. प्रश्न संसारातल्या घडामोडींशी जोडलेला असेल तर नवरा किंवा बायकोही नको. दुसऱ्या क्षेत्रात काम करणारी जुनी मैत्रीण, मावसभाऊ, असं कुणी चालेल.

एकच वागणूक. 'माझा स्वभावच तसा आहे' या वाक्यावर काम करता येत नाही. डोळ्यांना दिसेल असं काहीतरी निवडा: शंका असूनही न विचारणं, ज्युनिअरचं काम रात्री बसून परत करणं, एका विशिष्ट माणसाचे मेल दोन-दोन दिवस न उघडणं, दुसऱ्याचं कौतुक झालं की मीटिंगमध्ये गप्प होणं.

## टप्पा १: प्रश्न खरोखर तुमचा आहे का, हे आधी बघा

हा टप्पा गाळणारेच जास्त. दोन माणसांचं काम एकाच्या गळ्यात असेल, पगार वेळेवर होत नसेल, साहेब सगळ्यांवरच ओरडत असतील, तर तुमच्या बालपणाचा यात काही संबंध नाही. तिथे चिडणं हे शहाणपणाचं लक्षण आहे. स्वतःला तीन प्रश्न विचारा:

- हाच माणूस माझ्या शेजारच्या टेबलावर कसा वागतो?
- आधीच्या ठिकाणी, वेगळ्या वरिष्ठांच्या हाताखालीही मी असाच वागायचो का?
- हा प्रसंग एखाद्या तटस्थ, समंजस माणसाला सांगितला तर तो म्हणेल का, 'मीही चिडलो असतो'?

सगळ्यांनाच तोच त्रास असेल आणि आधीच्या नोकरीत तुमचं ठीक चाललं होतं, तर वही मिटा आणि ऑफिसच्या प्रश्नावर ऑफिसचा उपाय करा. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर 'हो' असेल तर पुढे या. बऱ्याचदा दोन्ही असतं: साहेब थोडे तिरसट आणि आपण थोडे जास्त हळवे. अशा वेळी पुढचे टप्पे करायला हरकत नाही. फक्त साहेबांच्या वाट्याचं ओझं स्वतःकडे घेऊ नका.

> थांबा: लैंगिक छळाचा प्रकार असेल तर मनाच्या शोधात वेळ घालवू नका. महिलांसाठीच्या २०१३ च्या कायद्यानुसार घटनेपासून ३ महिन्यांत लेखी तक्रार करावी लागते. १० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती असणं बंधनकारक आहे. त्याहून लहान ठिकाणी जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. 'मीच जास्त मनाला लावून घेते की काय' या विचारात ते तीन महिने सरू देऊ नका.

## टप्पा २: प्रसंगांची नोंद

दोन आठवडे, चार रकाने: काय घडलं, मनात काय आलं, शरीरात काय झालं, मी काय केलं. आरईबीटीच्या, म्हणजे विवेकनिष्ठ मानसोपचाराच्या, कार्यशाळेत बसलेल्यांना ही मांडणी ओळखीची वाटेल. घटना वेगळी, तिच्याबद्दलचा विचार वेगळा आणि परिणाम वेगळा, ही फोड अल्बर्ट एलिस यांच्या पद्धतीचा गाभा आहे. इथे शरीर आणि कृती यांना स्वतंत्र जागा दिली आहे, कारण पुढे बदल करायचा आहे तो कृतीत.

एक नोंद जवळून बघू. शुक्रवार, संध्याकाळचे पावणेसात. साहेबांचा व्हॉट्सअ‍ॅप मेसेज येतो: 'सोमवारी सकाळी जरा भेटा.'

बहुतेक जण पहिल्या रकान्यात लिहितात: 'सरांनी मुद्दाम वीकएंड खराब केला.' ही घटना झाली नाही, हा निकाल झाला. कॅमेऱ्याला जे दिसलं असतं तेवढंच लिहायचं:

- काय घडलं: शुक्रवारी ६:४५ ला मेसेज. चार शब्द. विषय लिहिलेला नाही.
- मनात काय आलं: काहीतरी चुकलंय. आता चारचौघांत काढणार.
- शरीरात काय झालं: पोटात गोळा. रात्री दोनपर्यंत झोप नाही.
- मी काय केलं: 'ओके सर' एवढंच उत्तर दिलं. महिन्याभराचे मेल पुन्हा वाचले. शनिवारी बसून तिमाही रिपोर्ट नव्याने केला. भाच्याच्या वाढदिवसाला गेलो नाही.

सोमवारी कळलं की साहेबांना गणपतीच्या सुट्ट्यांचं वेळापत्रक लावायचं होतं. हेही खाली लिहून ठेवा, पाचव्या टप्प्यात लागेल.

सर्वांत मोलाचा रकाना चौथा, आणि लोक नेमका तोच अर्धवट सोडतात. 'खूप वाईट वाटलं' ही कृती होत नाही. रिपोर्ट परत करणं, फोन न उचलणं, सीसीमध्ये चार जणांना घालणं, जेवणाच्या सुट्टीत एकटं बसणं या कृती झाल्या.

नोंद शक्यतो तासाभरात करा. रात्री अंथरुणावर आठवून लिहिलेल्या प्रसंगात आपण कायम जरा जास्त गरीब आणि समोरचा जरा जास्त दुष्ट असतो. आणि फक्त वाईट प्रसंग टिपू नका. कुणाचं बोलणं तुम्ही सहज पचवलंत, तेही लिहा. अकाउंट्सच्या मॅडमनी तीच चूक दाखवली तेव्हा काहीच वाटलं नाही आणि टीम लीडने दाखवली तेव्हा हात थरथरले, तर त्या फरकात बरंच काही सापडतं.

> तपासा: किमान आठ प्रसंग झालेत का? त्यांतले दोन तरी शांतपणे पार पडलेले आहेत का? नसतील तर आणखी एक आठवडा थांबा.

## टप्पा ३: ठिणगी कोणती?

आता सगळे प्रसंग एकत्र वाचा आणि प्रत्येकापुढे दोन आकडे लिहा: प्रसंग किती मोठा होता आणि प्रतिक्रिया किती मोठी होती, दोन्ही १ ते १० मध्ये. जिथे प्रसंग २ चा आणि प्रतिक्रिया ८ ची, तेवढेच घ्या. बाकीचे बाजूला ठेवा.

उरलेल्यांत समान काय आहे? माणूस शोधू नका, त्या क्षणातली गोष्ट शोधा. सहसा ती यांपैकी एक निघते: समोरच्याचं गप्प होणं, चारचौघांत चूक दाखवणं, तुलना, उत्तराला उशीर, न सांगता वगळणं, मागे उभं राहून तपासणं, आवाज चढणं.

मराठी घरांत वाढलेल्यांनी पहिल्या गोष्टीकडे जरा थांबून बघावं. अनेक घरांत राग बोलून दाखवत नाहीत. अबोला धरतात, भांडी आपटतात, 'काही नाही' म्हणतात. त्या घरातलं मूल आवाजापेक्षा शांततेला जास्त घाबरायला शिकतं. पुढे ऑफिसात साहेब दोन दिवस आपल्याच व्यापात असले, 'गुड मॉर्निंग'ला मान न वर करता उत्तर दिलं, की त्याचा जीव टांगणीला लागतो. ओरडणारे साहेब त्याला उलट बरे वाटतात, निदान काय चाललंय ते कळतं तरी.

माणसाचं साम्यही नंतर तपासा: वय, आवाज, चष्म्यावरून बघण्याची लकब, 'बघू' म्हणण्याची पद्धत. सुझन अँडरसन या मानसशास्त्रज्ञाने १९९० च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये केलेल्या प्रयोगांत दिसलं की नवीन माणसात आपल्या जवळच्या व्यक्तीशी थोडंसं साम्य असलं, तरी न सांगितलेले गुणही आपण त्याला चिकटवतो आणि ते आपल्याला सांगितले होते असं छातीठोकपणे आठवतो. म्हणूनच दुसऱ्या टप्प्यात कॅमेऱ्याचा आग्रह आहे. 'सर तुच्छतेने बोलले' हे खरंच ऐकलेलं असतं की भरून घेतलेलं, हे आठवणीवरून ठरवता येत नाही.

## टप्पा ४: आता मागे जा, पण जवळून सुरुवात करून

क्रम असा: आधी पहिली नोकरी आणि पहिले वरिष्ठ. मग प्रेमसंबंध, लग्न, सासर. मग जिवलग मित्र, भावंडं. शेवटी आईवडील.

आईवडिलांपासून सुरुवात केली की उत्तर लगेच मिळतं, तीच अडचण आहे. वडील कडक होते, झालं! पण ज्याला पहिल्याच नोकरीत वरिष्ठांनी चूक स्वतःची असूनही क्लायंटसमोर तोंडघशी पाडलं, त्याच्या सीसी लावण्याच्या सवयीचं कारण तिथेच असतं. ज्या बाईला घटस्फोटाआधी दोन वर्षं खोटी कारणं ऐकावी लागली, ती आज टीमकडून प्रत्येक कामाचा स्क्रीनशॉट मागते, तेव्हा तिच्या शाळेतल्या आठवणी खणण्यात अर्थ नाही.

प्रत्येक नात्याला दोन प्रश्न विचारा. तिसऱ्या टप्प्यातली गोष्ट तिथे घडायची तेव्हा पुढे काय व्हायचं? आणि मी काय केलं की ते थांबायचं?

लोक पहिल्या प्रश्नावर रेंगाळतात. उपयोगाचा दुसरा आहे, कारण आजची सवय ही त्या वेळी चाललेली युक्ती असते. आईने अबोला धरला की मुलगा न सांगता पाणी भरायचा, अभ्यासाला बसायचा, आणि संध्याकाळी आई बोलायला लागायची. आज साहेबांचा विषय नसलेला मेसेज आला की तो शनिवारी रिपोर्ट परत करतो. युक्ती तीच, फक्त पाण्याच्या कळशीऐवजी एक्सेल शीट आली.

हे 'जर-तर' अशा एका वाक्यात लिहा. वरच्या उदाहरणात: *जर कुणी गप्प झालं, तर चूक माझी असते, आणि न सांगता जास्त काम केलं की ती धुऊन निघते.* धाकट्यांना वाढवणाऱ्या थोरल्या बहिणीचं वाक्य वेगळं निघेल: *जर मी केलं नाही, तर कुणीच करणार नाही.* ती टीमचं सगळं अंगावर घेते आणि मार्चअखेर सगळ्यांवर धुमसत बसते. शेजारच्या हुशार मुलाशी तुलना ऐकत मोठा झालेल्याचं: *जर दुसऱ्याचं कौतुक झालं, तर ते माझ्या वाट्याचं गेलं.* ज्या घरात मोठ्याने बोलणं हेच रोजचं बोलणं होतं, तिथला माणूस ज्युनिअरवर ओरडतो आणि पाच मिनिटांनी त्यालाच चहाला बोलावतो. त्याच्या डोक्यात विषय संपलेला असतो, ज्युनिअरच्या नाही.

आणि हो, या युक्त्या सगळ्या वाईट नसतात. लहरी वडिलांच्या घरात वाढलेली माणसं खोलीत शिरताच वातावरण ओळखतात. क्लायंट मीटिंगमध्ये हे सोन्यासारखं कौशल्य आहे. ते टाकायचं नाही, फक्त चोवीस तास चालू ठेवायचं नाही.

'अँक्शस अटॅचमेंट'सारख्या लेबलांबद्दल थोडक्यात. ही कल्पना ज्यांच्यापासून आली त्या जॉन बोल्बी आणि मेरी एन्सवर्थ या संशोधकांचं काम बाळ आणि आई यांच्या नात्यावर होतं. सिंडी हेझन आणि फिलिप शेव्हर यांनी १९८७ मध्ये ते प्रेमसंबंधांना आणि १९९० मध्ये नोकरीतल्या वागण्याला लागू करून बघितलं. नात्यांत धास्तावलेल्या लोकांमध्ये आपण नाकारले जाऊ ही भीती कामात आड येताना दिसली. जवळीक टाळणारे कामाचा उपयोग माणसं टाळण्यासाठी करताना दिसले. हे कल आहेत, रक्तगट नाहीत. एकच माणूस एका वरिष्ठांपाशी धास्तावलेला आणि दुसऱ्यांपाशी निवांत असतो. लेबलापेक्षा तुमचं 'जर-तर' वाक्य जास्त कामाचं.

> थांबा: मारहाण, अत्याचार अशा आठवणी वर आल्या, झोप उडाली, कामावर जाणं जमेना, तर वही बंद करा. हे एकट्याने उकरायचं काम नाही. समुपदेशक किंवा मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. तातडीने बोलायचं असेल तर सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ वर चोवीस तास, मोफत आहे.

> तपासा: वाक्य एकच आहे का? तीन-चार निघाली तर अजून ठिणगी नीट सापडलेली नाही. तिसऱ्या टप्प्यावर परत जा.

## टप्पा ५: वाक्य आजच्या ऑफिसात खरं ठरतं का?

हे पटकन होतं. नोंदींतल्या प्रत्येक प्रसंगात तुम्हाला काय होईल असं वाटलं होतं आणि प्रत्यक्षात काय झालं, हे शेजारी शेजारी लिहा. 'चारचौघांत काढणार' याच्यासमोर 'सुट्ट्यांचं वेळापत्रक'. दहापैकी आठ वेळा भीती खरी ठरत असेल तर तुम्ही पहिला टप्पा चुकवलाय, साहेबच तसे आहेत. दोन-तीन वेळा खरी ठरत असेल तर वाक्य जुनं आहे, जागा नवी आहे.

## टप्पा ६: फक्त चौथा रकाना बदला

भीती आधी जाईल आणि मग वागणं बदलेल, अशी वाट बघणारे वर्षानुवर्षं वाट बघतात. पोटात गोळा येऊ दे. त्यानंतरची कृती तेवढी बदला, आणि ती इतकी लहान ठेवा की पाच मिनिटांत संपेल.

'सोमवारी सकाळी जरा भेटा' याला 'ओके सर' ऐवजी: 'हो सर. विषय कोणता आहे? त्याप्रमाणे कागद घेऊन येतो.' एवढंच. आणि शनिवारी लॅपटॉप उघडायचा नाही.

सगळं अंगावर घेणाऱ्या ताईंनी सरळ नकार द्यायला जाऊ नये, जमणार नाही. 'यादी बघून चार वाजता सांगते' म्हणावं आणि चारला खरंच सांगावं. स्क्रीनशॉट मागणाऱ्या मॅडमनी एका विश्वासू माणसाचं एकच काम दोन आठवडे न तपासता सोडावं. अर्थात पैशाचं किंवा कायदेशीर मुदतीचं नको.

सर्वांत मोठी चूक इथे होते: सुरुवात सर्वांत कठीण माणसापासून. दहा वर्षं ज्यांच्यासमोर आवाज निघाला नाही, त्या डायरेक्टरांसमोर एकदम स्पष्ट बोलायला जातात, त-त-प-प होतं, आणि 'मला हे जमतच नाही' असा शिक्का मारून घेतात. आधी बरोबरीचा सहकारी, मग दुसऱ्या विभागाचे वरिष्ठ, मग आपले.

प्रत्येक वेळी आधी भाकीत लिहा, नंतर निकाल. दोन आठवडे.

## टप्पा ७: ऑफिसात काय बोलायचं, काय नाही

इतिहास वहीत राहू द्या, ऑफिसात फक्त मागणी न्या.

चुकीचं: 'सर, माझे वडील असंच सगळ्यांसमोर बोलायचे, त्यामुळे मला फार त्रास होतो.' साहेबांना यावर करण्यासारखं काहीच नाही. ते अवघडतात, चहाच्या सुट्टीपर्यंत ही गोष्ट चार जणांकडे पोचते आणि अप्रेझलच्या वेळी 'जरा हळवा आहे' म्हणून परत येते.

बरोबर: 'सर, माझ्या रिपोर्टमधल्या दुरुस्त्या मीटिंगनंतर पाच मिनिटं बसून सांगाल का? तिथल्या तिथे मला उत्तर सुचत नाही. नंतर सांगितलंत तर त्याच दिवशी सुधारून देतो.' यात तक्रार नाही, निदान नाही, आणि साहेबांचाही फायदा आहे.

तुम्ही स्वतः वरिष्ठ असाल तर वेगळी सूचना. हा लेख वाचून ज्युनिअरचं निदान करायला जाऊ नका. 'घरी काही प्रॉब्लेम आहे का तुझ्या?' हा प्रश्न काळजीपोटी विचारला तरी समोरच्याला तो झडतीसारखा लागतो. कामाबद्दल बोला: 'गेले तीन रिपोर्ट उशिरा आले, कुठे अडतंय?' आणि विषय न लिहिता 'भेटा' असा मेसेज शुक्रवारी संध्याकाळी टाकू नका. दोन शब्द जास्त टाइप करायचे एवढंच काम आहे.

तुमच्या सवयीचा त्रास कुणा ज्युनिअरला झाला असेल तर त्याला कारणमीमांसा ऐकवू नका. 'तुझं काम मी न सांगता बदलत होतो, ते चूक होतं. यापुढे शेरे लिहून परत पाठवीन,' एवढं पुरे.

## टप्पा ८: परत घसरगुंडी होते तेव्हा

होणारच, आणि ठरावीक वेळीच होते: अप्रेझलच्या आधी, दिवाळीत चार दिवस घरी राहून आल्यावर, साहेब बदलल्यावर. या तारखा कॅलेंडरवर आधीच टिपून ठेवा. त्या आठवड्यात नवीन काही करू नका, फक्त चार रकान्यांची नोंद पुन्हा सुरू करा.

सहा आठवड्यांनंतरही चौथ्या रकान्यात तेच येत असेल, किंवा एकाच कारणाने तिसरी नोकरी सोडायची वेळ आली असेल, तर समुपदेशकाकडे जा आणि वही बरोबर न्या. पहिली दोन-तीन सत्रं माहिती सांगण्यात जातात, ती वाचतील. राजीनामा देण्याचा विचार असेल तर त्याआधी पाचव्या टप्प्यातला हिशेब पुन्हा एकदा काढा.

नवीन वरिष्ठ आले की पहिल्या महिन्यात तिसरा टप्पा वेगळ्या पानावर करा. त्यांचा आवाज, लकब, गप्प राहण्याची पद्धत कुणासारखी वाटते ते लिहा, आणि खाली त्यांनी स्वतः म्हटलेली, तुम्ही तुमच्या कानांनी ऐकलेली तीन वाक्यं लिहा. दोन्ही यादींत काहीच जुळत नसेल, तर पहिली यादी त्यांची नाही.